गुडघा, कॅमेरा आणि वर्तुळाचे केंद्र

मंडळी, महिनाभर इथे काही लिहिले नाही. कारण माझा उजवा गुडघा! ऑपरेशन ठरते आहे आणि धाकटी बहीण रोज फोनवर विचारते, "ताई, कॉम्प्युटरवाले करणार की साधे?" प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा वाचून जे समजले ते इथेच लिहिते. मी शाळेत इतिहास शिकवणारी, डॉक्टर नव्हे. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

कृत्रिम गुडघ्याची कल्पना जुनी. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० मध्ये हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा बसवला होता. जंतुसंसर्गामुळे असे सांधे टिकले नाहीत. आजच्या धातू-प्लॅस्टिकच्या गुडघ्याचे रूप १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांच्या हातून घडले.

मग प्रश्न आला, तो सरळ बसवायचा कसा? खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत हवेत. पण खुब्याचा सांधा तर स्नायूंच्या आत दडलेला! सर्जन मांडीच्या हाडात सळई घालून आणि नजरेने अंदाज घेत. १९९१ मध्ये ब्रिटनमधला ११५ गुडघ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची रेषा तीन अंशांच्या आत होती त्यांतले ३ टक्के सांधे सैल झाले. बाहेर गेलेल्यांतले २४ टक्के.

उत्तर सापडले फ्रान्समध्ये. २१ जानेवारी १९९७ रोजी ग्रेनोबल इथे डोमिनिक सारागाग्लिया आणि फ्रेडरिक पिकार यांनी संगणकाच्या मार्गदर्शनाने पहिला गुडघा बसवला. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांना अवरक्त किरण सोडणारे बारीक दिवे लावायचे. कॅमेरा ते पाहतो. मग पाय हळूहळू गोल फिरवायचा. मांडीवरचे दिवे हवेत एका गोलाचा तुकडा रेखतात, आणि त्या गोलाचे केंद्र म्हणजेच खुब्याचे केंद्र!

हे वाचले आणि मी हसलेच. बदली तासाला मीही मुलांना कंसावर तीन बिंदू घेऊन वर्तुळाचे केंद्र काढायला लावत असे. "बाई, याचा उपयोग काय?" असे कोणीतरी विचारायचेच. उत्तर द्यायला मला एवढी वर्षे लागली.

गंमत म्हणजे फ्रान्समध्येच एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८० च्या दशकात माणसाला काळा पोशाख घालून, हातापायांवर पांढऱ्या रेषा लावून, एकाच काचेवर त्याच्या चालण्याची अनेक छायाचित्रे घेतली होती. म्हणजे हालचाल टिपण्याचे बीज शंभर वर्षे आधीच पेरले गेले होते.

पण इतिहास इथे थांबत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशोब मांडला. तीन अंशांच्या आत असण्याचा वेगळा फायदा त्यात दिसला नाही. २०१५ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात मात्र ६५ वर्षांखालच्या रुग्णांत संगणक वापरल्यावर पुन्हा ऑपरेशन करण्याची वेळ कमी आली.

माझे वय चौऱ्याहत्तर! म्हणून डॉक्टरांना एवढेच म्हटले, "तुमचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे, तीच करा." दोन जिने उतरून वाचनालयात जाता आले तरी मला पुष्कळ आहे.

असो. भीती वाटते, नाही कसे म्हणू? फोन जरूर करा, पण "कोणते?" एवढे विचारू नका!