पडून राहिलेल्या चाचण्या

1979 मध्ये आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी प्रसूतिशास्त्राला ‘लाकडी चमचा’ बहाल केला. ब्रिटनमध्ये हा मान शेवटून पहिल्याला मिळतो! उपचारांना पुराव्याचा आधार देण्यात ही शाखा सर्वांत मागे, असं त्यांचं म्हणणं होतं. टोमणा वर्मी लागला. ऑक्सफर्डमध्ये आदल्याच वर्षी सुरू झालेल्या नॅशनल पेरिनेटल एपिडेमिऑलॉजी युनिटमध्ये इयन चामर्स आणि सहकारी बाळंतपणावरच्या चाचण्या हुडकत होते. पुढे 18 देशांतल्या सुमारे 42 हजार डॉक्टरांना पत्रं गेली : न छापलेली चाचणी असेल तर कळवा. या पत्रांच्या दोन वर्षांहून आधी पूर्ण झालेल्या, पण अप्रकाशित राहिलेल्या चाचण्या हाती लागल्या अवघ्या 18. जुनं काही उकरून काढायला फारसं कुणी राजी नव्हतं, हे उघड आहे.

छापलेल्यांचं नशीबही फार वेगळं नव्हतं. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या, तर आईला दिलेल्या स्टेरॉइडने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्येच दाखवलं होतं. पाठोपाठ आणखी चाचण्या झाल्या. त्यांची रीतसर एकत्र बेरीज प्रसिद्ध व्हायला मात्र 1989 उजाडलं. तोवर किती बाळं हकनाक गेली असतील! पुढे आर्ची कॉक्रेन यांच्या नावाने निघालेल्या, चाचण्यांचे असे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात त्यांतल्याच सात चाचण्यांच्या आडव्या रेघा आहेत.

1993 मध्ये ही संस्था उभी राहिली. गर्भारपण-बाळंतपण गट तिच्या पहिल्या गटांपैकी. पुढे त्याचं बिऱ्हाड लिव्हरपूलला गेलं. आता अडचण उलटी झाली. चाचण्या सापडत होत्या, पण एकाही आढाव्यात न घेतलेल्या चाचण्या गटाच्या नोंदवहीत साचू लागल्या. कुठे त्या विषयावर आढावाच नव्हता, कुठे जुना आढावा कुणी हाती घेत नव्हतं, कुठे आकडेच संशयास्पद. मग आधी कोणता प्रश्न घ्यायचा? संशोधकाला सोयीचा विषय पुढे सरकतो, हा नेहमीचा अनुभव. माझ्या मते मान बाईच्या प्रश्नाला मिळायला हवा, आणि तो ती जिथे बाळंत होते तिथला हवा.

कारण 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतल्या चाचणीत, ज्यात नागपूर आणि बेळगावचा परिसरही होता, त्याच प्रकारचं स्टेरॉइड गावपातळीवर सरसकट वापरण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नवजात मृत्यू उलट वाढले. मग 2020 मध्ये भारतासह पाच देशांतल्या, सुसज्ज रुग्णालयांतल्या चाचणीने फायदा दाखवला. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय डॉक्टरने सुई उचलू नये.

असं एकत्र वाचण्याचं काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या कॉक्रेन गटांना मिळणारा सरकारी निधी मात्र मार्च 2023 मध्ये थांबला.