डायनाची गोळी

"डॉक्टरांनू, डायना घेतला तर चलात?"

कबड्डीचे सामने जवळ आले की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात येतोच. विचारणारा वीस-बावीस वर्षांचा असतो आणि जिममध्ये कुणीतरी दिलेली गोळी त्याच्या खिशात असते. नुसतं 'नको' म्हटलं तर तो दुसरीकडे विचारणार हे मला माहीत आहे. म्हणून मी त्याला त्या गोळीचा इतिहास सांगतो. आज तोच तुम्हाला सांगतो.

1954 साली व्हिएन्नात वेटलिफ्टिंगची जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकन संघाबरोबर डॉ. जॉन झिगलर गेले होते. रशियन खेळाडू ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉन घेतात, हे त्यांना तिथे कळलं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या वृषणात तयार होणारं हार्मोन. दाढी-मिशी, जाड आवाज, पिळदार स्नायू ही त्याचीच किमया. 1958 मध्ये सिबा या औषधकंपनीने त्याच जातीचं, पण तोंडाने घेता येणारं औषध अमेरिकेत आणलं. औषधाचं नाव मिथँडिएनोन, दुकानातलं नाव डायनाबॉल. आपल्या जिममधला 'डायना' तो हाच. खंगलेल्या रुग्णांच्या अंगावर मांस चढावं म्हणून असलेलं हे औषध झिगलरनी धडधाकट वेटलिफ्टरांना देऊन पाहिलं. ते जास्त वजन उचलू लागले. मग डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसावर थांबतो कोण? खेळाडू मनानेच कितीतरी जास्त गोळ्या खाऊ लागले. झिगलरना पुढे याचा पश्चात्ताप झाला, पण तोवर गोळी त्यांच्या हातात राहिली नव्हती.

पूर्व जर्मनीने तर 1974 पासून हा सरकारी कार्यक्रमच केला. त्यांची ओरल ट्युरिनाबॉल ही डायनाबॉलची सख्खी बहीण, रेणूत फक्त एक क्लोरीन जास्त. पोहणाऱ्या, धावणाऱ्या कोवळ्या मुलींना 'व्हिटॅमिन' सांगून निळ्या गोळ्या दिल्या गेल्या. मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले. पदकांचा मात्र पाऊस पडला. 2000 साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉ. मानफ्रेड होपनर यांना दोषी ठरवलं, पण तुरुंगात कुणालाच जावं लागलं नाही. हे वाचताना मला सर्वात जास्त टोचतं ते दुसऱ्या नावाआधीचं 'डॉ.'.

ऑलिंपिक समितीने 1975 मध्ये या स्टेरॉइडवर बंदी घातली आणि 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून त्यांची तपासणी सुरू झाली. गोळी काही गेली नाही. चाळीस वर्षांनी ती आपल्या महाराष्ट्राच्या मल्लाच्या लघवीत सापडली.

नरसिंग यादव सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान. 2015 च्या जागतिक स्पर्धेत त्याने ब्राँझ जिंकलं आणि रिओ ऑलिंपिकसाठी 74 किलो गटात जागा मिळवली. जून 2016 मध्ये त्याच्या नमुन्यात मिथँडिएनोन आढळलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं तो सांगत राहिला. भारताच्या 'नाडा'ने 1 ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवलं, पण जागतिक संस्था 'वाडा' क्रीडा लवादाकडे गेली. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओतच निकाल लागला. घातपाताचं म्हणणं लवादाला पटलं नाही आणि चार वर्षांची बंदी आली. नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते दुसऱ्या कुणामुळे आलं असेल, तर तेही त्यानेच दाखवून द्यायचं.

जिममधल्या मुलाची तपासणी कुणी करणार नसतं. पण शरीर हिशेब ठेवतं. बाहेरून हार्मोन येतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. ते आक्रसतात, शुक्राणू घटतात. जादा हार्मोनचं काही प्रमाणात स्त्री-हार्मोन बनतं आणि छाती वाढते. ही गोळी यकृताला सहज मोडता येऊ नये अशी बनवलेली आहे, त्यामुळे त्रासही यकृतालाच होतो. चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. मूल होत नाही म्हणून आलेल्या तरुणाला 'जिममध्ये काही घेत होतास का?' हे मी आता एकट्याला बाजूला घेऊन विचारतो. बायकोसमोर खरं उत्तर येत नाही.

दोष दर वेळी जिमचाच असतो असंही नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. श्वासनलिका मोकळी करणारं हे औषध खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये असतं. त्याने नकळत सिरप घेतलं हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं, तरी आठ महिन्यांची बंदी घातलीच. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. तसलंच सिरप तुमच्या फ्रिजवर अर्धं उरलेलं असेल, आणि मुलगा खोकला की कुणीतरी आठवणीने दोन चमचे देईल.

मुलगा जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळत असेल, तर औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना तसं सांगा. मेडिकलमधून परस्पर सिरप आणू नका. दम्याचा पंप मात्र भीतीने बंद करू नका. सल्बुटामॉलचा पंप ठरावीक मर्यादेपर्यंत नियमात बसतो, आणि त्याहून जास्त औषध खरोखर लागत असेल तर कागदपत्रं देऊन उपचारापुरती परवानगी मागता येते. ती शक्यतो सामन्याआधी मागायची.