पूर्वजांचे काय? नगरच्या ख्रिस्ती मंडळीपुढील एक शास्त्रार्थ

एखादा ग्रंथ प्रमाण मानणारा प्रत्येक समाज केव्हा ना केव्हा एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. ग्रंथ प्रमाण खरा. परंतु त्याचा अर्थ कोणी सांगावयाचा? महाराष्ट्राला हा प्रश्न नवीन नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवासे येथे गीतेवरील मराठी टीका अवतरली. तिने मूळ ग्रंथाचा अधिकार तिळमात्र कमी केला नाही. त्या ग्रंथाशी असलेले सामान्य जनांचे नाते मात्र पालटून टाकले. पुढे 1915 साली लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले आणि त्याच श्लोकांतून कर्मयोग प्रतिपादिला गेला. ग्रंथ एकच, पण वाचणारे निराळे. नेवासे ज्या जिल्ह्यात आहे त्याच अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास 2024 पासून अहिल्यानगर असे नाव मिळाले आहे, एकोणिसाव्या शतकात बायबलाविषयी हाच प्रश्न उभा राहिला. आणि तो पंडितांच्या सभेत नव्हे, तर घरोघरीच्या पितरांच्या आठवणीतून उभा राहिला.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 च्या अखेरीस सुरू झाले. हे मिशनरी ज्या परंपरेतून आले होते तीत पोप नाही आणि बिशपही नाही. प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा आणि पवित्र शास्त्रापलीकडे दुसरा अधिकार मानू नये, असा त्यांचा दंडक होता. या भूमिकेचे मूळ युरोपातील धर्मसुधारणेत आहे. शास्त्राने व विवेकाने आपली चूक पटवून दिल्यावाचून आपण माघार घेणार नाही, असे मार्टिन ल्यूथरने 1521 साली बादशहासमोर सांगितले. उलट, शास्त्राचा अर्थ ठरविण्याचा अधिकार चर्चचा आहे, असा निर्णय रोमन चर्चने ट्रेंट येथील परिषदेत 1546 साली दिला. नगरचे मिशन पहिल्या पंथाचे होते. म्हणून तेथे वाचन शिकविणे हे धर्मकार्यच ठरले. मुलामुलींच्या शाळा निघाल्या आणि 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे पत्र नगरातूनच निघू लागले. ज्याला शास्त्र वाचावयाचे त्याला अक्षर आलेच पाहिजे. परंतु ज्याला अक्षर येते तो प्रश्नही विचारतो, हे त्यातच आले.

ख्रिस्ती झालेल्यांत थोडे ब्राह्मण होते, तर पुष्कळसे महार व मांग कुटुंबांतील होते. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतून बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. बाप्तिस्मा घेणाऱ्याने मागे काय ठेवावयाचे, याची यादी मोठी होती. देव्हारा गेला, जत्रा गेली, जातीचे पान गेले. त्याबरोबर श्राद्ध आणि पितृपक्षही गेला. आता पितरांना पाणी द्यावयाचे नाही, हे मान्य झाले. पण पितर कोठे आहेत, हा प्रश्न काही त्यामुळे सुटत नाही. ख्रिस्तावाचून तारण नाही, असे उपदेशक सांगत. मग ज्या आजाने ख्रिस्ताचे नावही ऐकले नव्हते त्याचे काय? आईबापांचा मान राखावा ही आज्ञा त्याच शास्त्रात आहे. त्याच शास्त्राच्या आधारे आपल्या आईबापांना कायमचे गमावलेले समजावयाचे काय?

हा प्रश्न जगात इतरत्रही निघालेला होता. ज्याचा देह आज गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियरला जपानमध्ये हाच अनुभव आला. तेथील नवे ख्रिस्ती आपल्या मृत वाडवडिलांसाठी रडत, आणि त्यांच्यासाठी आता काहीही करता येणार नाही असेच त्यांना सांगावे लागे, असे त्याने 1552 साली लिहिले आहे. त्यांचे दुःख पाहून तो स्वतःही कष्टी झाला. पण उत्तर त्याने बदलले नाही.

नगरास या प्रश्नाला निराळे वळण मिळाले ते रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्यामुळे. त्यांचा जन्म 1847 साली मुंबईत, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. येल व अँडोव्हर येथे शिक्षण घेऊन ते 1874 साली नगरास आले, आणि खेड्यांतील उपदेशक तयार करण्यासाठी त्यांनी 1878 साली तेथे धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली. 1886 साली ते रजेवर स्वदेशी गेले असता अँडोव्हर येथील वाद पेटलेला होता. ज्यांना या जन्मी ख्रिस्ताची ओळख झाली नाही त्यांना मरणानंतर तरी ती होईल, अशी आशा तेथील काही अध्यापक प्रकटपणे मांडीत होते. अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ह्यूम यांनी आपले मत सांगितले. ही गोष्ट ठाम सिद्धान्त म्हणून शिकवावी, असे त्यांचे म्हणणे नव्हते. परंतु अशी आशा बाळगण्यास ख्रिस्ती माणसाला मज्जाव असू नये, आणि परधर्मीयांत काम करणाऱ्याला तर तिचा उपयोगच आहे, असे त्यांचे मत होते.

वादातील दोन्ही पक्ष शास्त्रच पुढे करीत होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रतिपक्ष इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवी. मनुष्याला एकदा मरावयाचे आणि त्यानंतर न्याय, असे तेथे सांगितले आहे. मध्ये दुसरी संधी कोठे आहे? आशावादी पक्ष पेत्राचे पहिले पत्र उघडी. ख्रिस्ताने बंदीत असलेल्या आत्म्यांकडे जाऊन घोषणा केली, आणि मेलेल्यांनाही सुवार्ता सांगण्यात आली, असा उल्लेख तेथे आहे. शिवाय ज्यांच्यापाशी नियमशास्त्र नाही त्यांच्या अंतःकरणावर त्याचा आशय लिहिलेला असतो, असे पौल रोमकरांस लिहितो. एका वचनाने दुसरे वचन खोडावयाचे, की सर्व वचनांवरून देवाचा स्वभाव ओळखावयाचा आणि त्या उजेडात कठीण वचन वाचावयाचे, हा खरा मतभेद होता. शास्त्र मानावे की न मानावे, हा मतभेद नव्हताच.

प्रतिपक्षाची शंका पोकळ होती असेही नाही. मरणानंतर संधी मिळणारच असेल, तर समुद्र ओलांडून उपदेशक पाठविण्याची निकड ती काय उरली? अमेरिकन बोर्डाला तर मिशनांचा पायाच हादरल्यासारखा वाटला. त्याच वर्षी डे मॉइन येथे भरलेल्या वार्षिक सभेत बोर्डाने या मताविरुद्ध इशारा दिला, आणि ह्यूम यांना नगरास परत पाठवावे की नाही, यावर बराच खल झाला. अखेरीस 1887 साली ते परत आले. अँडोव्हरच्या एका अध्यापकाला त्याच वर्षी दोषी ठरविण्यात आले; परंतु 1891 साली मॅसाच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ह्यूम यांनी नगरात पुढे कित्येक वर्षे काम केले. दुष्काळातील सेवेबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. भीती नाहीशी झाली तर सेवा थांबेल, हे भाकीत निदान त्यांच्या बाबतीत तरी खोटे ठरले.

हा वाद अमेरिकेतील सभांतून झाला. पण त्याचे मराठी उत्तर नारायण वामन टिळकांनी दिले. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत लहान नव्हती. पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा यांच्याशी कित्येक वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून 1900 साली राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला, ती हकीकत ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. नगरास येऊन टिळक मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवू लागले. महाराष्ट्रीय ख्रिस्त्याला संतवाङ्मय हेच पहिल्या जुन्या करारासारखे आहे, आणि आपण स्वतः तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. ज्या पूर्वजांनी तुकोबांना ऐकले ते अगदीच अंधारात होते असे मग म्हणता येत नाही. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. 1919 साली त्यांचे निधन झाले.

याच काळात नगरच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, केडगावास, पंडिता रमाबाई अगदी उलट्या दिशेने चालल्या होत्या. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला, आणि लागलीच तेथील धर्मभगिनींशी त्यांचा वाद जुंपला. देवाचे वचन आपण मानतो, परंतु धर्मगुरूंचा शब्द देवाच्या शब्दाच्या जागी बसू देणार नाही, हा त्यांचा बाणा होता. पुढे त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि त्यांनी बायबलाचे स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. हिंदु तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले शब्द शक्य तितके वगळावे, आणि थोडे शिकलेल्या बाईलाही समजेल अशी साधी मराठी वापरावी, असा त्यांचा कटाक्ष होता. 1922 साली त्या वारल्या; संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. टिळकांनी शास्त्राचा अर्थ संतांच्या भाषेतून घेतला. रमाबाईंनी ती भाषाच बाजूस सारली.

दोघांनीही एकच ग्रंथ प्रमाण मानला, दोघांनीही परकीय मध्यस्थ नाकारला, आणि दोघांचे अर्थ मात्र जुळले नाहीत. यावरून ग्रंथाचा अधिकार पोकळ ठरतो असे समजणे घाईचे होईल. ग्रंथ प्रमाण मानल्याने वाचणाराची जबाबदारी संपत नाही. उलट ती तेथे सुरू होते. आपण कोणता अर्थ का घेतला, आणि त्यासाठी काय सोसावयाची तयारी आहे, याचा जबाब त्याला द्यावा लागतो. ह्यूम यांनी आपले नगरचे काम पणास लावले, टिळकांनी घर आणि पुढे नोकरी, तर रमाबाईंनी ज्यांनी आश्रय दिला त्यांची मर्जी.

पूर्वजांच्या प्रश्नावर पुढे रोमन चर्चनेही नवा उजेड पाडला. ज्यांना स्वतःच्या दोषावाचून सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली जाहीर केले. झेवियरपुढे रडणाऱ्या जपानी माणसांना हे उत्तर मिळावयास चार शतके लागली. नगरच्या मंडळीत मात्र ही आशा त्यापूर्वी पाऊणशे वर्षे, शास्त्र मिटवून नव्हे तर उघडून, कोणीतरी उघडपणे बोलून दाखविली होती.