सह्याद्रीच्या पायऱ्या वाचणारे ब्लॅनफर्ड

कल्याणहून कसाऱ्याकडे जातांना वाटेंतले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. मलंगगडाच्या कड्यांतही आडव्या थरांची तीच ठेवण आहे. या पायऱ्या म्हणजे एकावर एक गोठलेले लाव्ह्याचे लोट. ते पाण्याखालीं सांचले कीं उघड्या जमिनीवर, याविषयीं एकोणिसाव्या शतकांत पंडितांचें एकमत नव्हतें.

विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड यांचा जन्म १८३२ सालीं लंडनमध्यें झाला. १८५५ सालीं बंधु हेन्री यांच्यासह ते हिंदुस्थानच्या भूस्तर-पाहणी खात्यांत आले. नर्मदा-तापीचीं खोरीं पायांखालीं घालून, १८६७ सालच्या निबंधांत त्यांनीं लाव्हा जमिनीवरच वाहिला, असें प्रतिपादन केलें. लोटांच्या मधल्या थरांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे अवशेष सांपडत. मुंबईस वरळीला तर बेडकांचे सांगाडेच निघाले होते, आणि बेडूक कांहीं खाऱ्या समुद्रांत नांदत नाहीं! म्हणजे एक लोट थंडावल्यावर तेथें तळीं सांचलीं, जीव वाढले आणि मग दुसरा लोट आला.

त्याहून धाडसाचें काम कालनिर्णयाचें. नर्मदेच्या खोऱ्यांत बाघ येथें लाव्ह्याच्या खालीं सागरी शंखशिंपल्यांचे खडक आहेत. त्यांवरून त्यांनीं लाव्ह्याचा काळ क्रेटेशस युगाच्या उत्तरार्धांत धरला. किरणोत्सर्गी मापनाची सोय तेव्हां कोठची? आज त्या मापनानें बहुतेक लाव्ह्याचें वय सुमारें ६.६ कोटी वर्षें, म्हणजे त्याच युगाच्या सीमेवरचें ठरतें.

१८८२ सालीं निवृत्त झाल्यावर ते हिंदी प्राण्यांच्या ग्रंथमालेच्या संपादनांत रमले. १९०५ सालीं लंडनमध्यें त्यांचें निधन झालें.