परीक्षा आणि मोह : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका संकल्पनेचा इतिहास

नव्या कराराच्या ग्रीक मुळात ‘पेइरास्मोस’ असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ श्रद्धेची कसोटी असाही होतो आणि पापाकडे ओढणारी भुरळ असाही होतो. भुरळीला बळी न पडणे आणि श्रद्धेत अढळ राहणे ही ख्रिस्ती शिकवणीची दोन अंगे ह्या एका शब्दात एकवटलेली आहेत. लॅटिनमधील ‘तेन्तातिओ’ ह्या शब्दानेही हे दोन्ही अर्थ वाहिले. मराठीत मात्र असा दुहेरी शब्द नव्हता. ‘परीक्षा’ बाहेरून येते, ती कोणीतरी घेतो. ‘मोह’ अंतःकरणात उत्पन्न होतो. म्हणून मराठीत ही शिकवण मांडू पाहणाऱ्यास प्रथम एक प्रश्न सोडवावा लागला : श्रद्धा टिकवावयाची ती नेमकी कशाविरुद्ध? ह्या प्रश्नाचे उत्तर कोशाने दिले नाही, ते इतिहासाने दिले.

त्याचा आरंभ गोमंतकात होतो. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स हा १५७९ मध्ये गोव्यास आला आणि पुढील आयुष्याचा बराच काळ त्याने साष्टी प्रांतात काढला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ह्या ग्रंथाच्या प्रारंभीच नवख्रिस्ती श्रोत्यांची एक तक्रार मांडलेली आहे. जुनी पुराणे त्यांच्याकडून काढून घेतली गेली, पण त्यांच्या जागी नवी मिळाली नाहीत, अशी ती तक्रार होय. स्टीफन्सने ती रिकामी जागा ओवीनेच भरली. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला. परंतु भुरळ घालणाऱ्या सैतानासाठी ‘देवचार’ हा शब्द योजिला. गोमंतकीय लोकसमजुतीत देवचार हा बहुधा गावाची राखण करणारा असतो. राखणदाराचे नाव सैतानास मिळताच मोहाचा पत्ता बदलला. तो दूरच्या अरण्यात राहिला नाही. तो गावाच्या वेशीवर, पूर्वजांच्या घरात आला.

हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० मध्ये झाली आणि १८१२ पर्यंत ती संस्था टिकली. जुन्या आचाराकडे वळणारा ख्रिस्ती तिच्या दृष्टीने अपराधी होता. अशा परिस्थितीत बाहेरून ख्रिस्ती व आतून जुना, असे दुभंगलेले जीवन संभवत होते, आणि जी निष्ठा दिसे ती सदसद्विवेकाची की धाकाची, हे ठरविणे कठीण होते. उपदेशकाने स्थिर राहण्यास सांगावे आणि त्या उपदेशामागे शासनाचा दंड उभा असावा, हा ह्या कालखंडातील मूलभूत विरोध होय. ‘क्रिस्तपुराणा’चे वाङ्मयीन मोल मान्य करतानाही तो नजरेआड करता येत नाही. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ ह्याने १६२९ मध्ये मराठी पद्यात संत पेत्राचे चरित्र प्रसिद्ध केले. ज्या शिष्याने भीतीपोटी आपल्या गुरूस तीनदा नाकारले व पुढे पश्चात्तापाने जो स्थिर झाला, त्याची कथा ह्या श्रोत्यांपुढे यावी, हे अर्थपूर्ण आहे. पेत्राचा मोह सुखोपभोगाचा नव्हता. मनात एक व ओठांवर दुसरे, हाच त्याचा मोह होता.

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात हे चित्र नेमके उलटे झाले. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ पासून सुरू झाले. जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी ह्यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ मध्ये निघाले, आणि वाटेतील प्रत्येक भुरळ ओलांडून पुढे जाणारा यात्रेकरू मराठी वाचकास परिचित झाला. वारीची परंपरा असलेल्या समाजास ही प्रतिमा परकी वाटण्याचे कारण नव्हते. प्रॉटेस्टंट भाषांतरात प्रभूच्या प्रार्थनेसाठी ‘परीक्षा’ हा शब्द रूढ झाला. तथापि याकोबाच्या पत्रात ‘परीक्षा’ व ‘मोह’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी योजावे लागले. एका शब्दात मावणारा आशय मराठीने दोहोंत विभागला, तो असा.

ह्या काळातील परीक्षा कोणती होती, हे बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. ते परमहंस सभेच्या वर्तुळात वावरले होते. ही सभा जातिभेद अमान्य करी, पण गुप्तपणे. विचार नवा, आचार जुना, आणि दोहोंच्या मध्ये बंद दार, अशी तिची रीत होती. बाप्तिस्मा हा मात्र उघड विधी होय. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. परंतु आप्तांचा वियोग व ज्ञातीचा बहिष्कार ह्यांवर कायद्यापाशी उपाय नव्हता. पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीची घालमेल त्यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) ह्या आत्मचरित्रात आलेली आहे. मनाने मानावे आणि जनात लपवावे, हाच त्यांच्यापुढील खरा मोह होता. गोव्यात जे गुप्त राहिले ते जुने होते, येथे नवे. दुभंग मात्र तोच.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची कसोटी त्याहून अवघड होती. पतीचा वियोग त्यांनी सोसला. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी सोवळे सोडले नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ध्यानात येते की, संसाराच्या ओढीपायी न पटलेला धर्म त्यांनी पत्करला नाही. मन पालटल्यावरच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यापूर्वीचे त्यांचे सोवळे आणि नंतरची त्यांची ख्रिस्तनिष्ठा ह्यांत वरवर विरोध दिसतो. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच प्रामाणिकपणा आहे.

टिळक आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. तुकोबांचे देहू इंद्रायणीकाठी, चाकण परिसरातील महाळुंग्यापासून जवळच आहे. तेथील परंपरा अभंगांच्या वह्या नदीत बुडविल्या गेल्याची व तुकोबांनी तेरा दिवस निराहार धरणे धरल्याची कथा सांगते. म्हणजे भक्ताची परीक्षा ही कल्पना ह्या भूमीत मिशनपूर्व काळापासून रुजलेली होती. देव मनुष्यास भुरळीत लोटतो असा ध्वनी रूढ भाषांतरातून निघतो, असा आक्षेप २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी घेतला आणि २०२० च्या इटालियन प्रार्थनाग्रंथात त्या ओळीचे शब्द बदलले. ‘परीक्षा’ ह्या शब्दाच्या श्रोत्यास ती अडचण तितकीशी जाणवत नाही. हरिश्चंद्राच्या कथेवर वाढलेल्या कानास भक्ताची कसोटी पाहणारा देव अपरिचित नाही.

तात्पर्य, ‘परीक्षा’ की ‘मोह’ हा वाद शब्दांपुरता सुटणारा नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासात परीक्षा समाजाची वा शासनाची होती, आणि मोह होता तो तिच्यातून सुटण्यासाठी आत व बाहेर असे दोन जीव बाळगण्याचा. दोन्ही शब्द एकत्र ठेवले म्हणजेच मूळ ग्रीक शब्दाचा पूर्ण आशय मराठीत उतरतो.