‘ब्रेक फेल’ : एका सबबीची कागदोपत्री तपासणी

ट्रकने गाड्या चिरडल्या की पोलिसांच्या आधी एक शब्द जागेवर पोहोचतो : ‘ब्रेक फेल’. चालक तो बोलतो, बघ्यांच्या तोंडी तो फिरतो आणि संध्याकाळच्या बातमीत अपघाताचे कारण म्हणून छापून येतो. पुढे मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल फाइलला लागतो, तेव्हा त्या शब्दाचे काय झाले हे पाहायला फारसे कोणी थांबत नाही. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला मात्र थांबावेच लागते. भरपाईच्या दाव्यात किती पैसे मिळणार, हे बरेचसे या शब्दावरच ठरते.

पहिली बातमी आणि नंतरची तपासणी यांतले अंतर दाखवणारी दोन उदाहरणे महाराष्ट्रात ताजी आहेत. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला कारण सांगितले गेले ब्रेक निकामी होण्याचे. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले की डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टसाठी भाडेतत्त्वावर धावणारी इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, तेव्हाही पहिला शब्द तोच होता. परिवहन विभागाच्या तपासणीत बसचे ब्रेक चालू स्थितीत आढळले. उलट ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरजवळ कंटेनर दुचाकी, मोटार आणि पुढच्या वाहनाला उडवून थांब्यावरच्या हॉटेलात शिरला. दहाजण दगावलेल्या त्या अपघाताचे कारण ब्रेक निकामी होणे हेच नोंदले गेले.

म्हणजे हा शब्द कधी खरा असतो, कधी खोटा. पण तो खरा ठरला तर मालक सुटतो का? या प्रश्नाला न्यायालयांनी आणि संसदेने वेळोवेळी दिलेली उत्तरे निकालपत्रांत आणि कायद्यांच्या दुरुस्त्यांत टिकून आहेत. ती क्रमाने वाचली की एका सबबीचे वजन कसे घटत-वाढत गेले ते दिसते.

मृत्यूला दावा नव्हता तेव्हा

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्या दिवशी गाडीखाली कोणी सापडून मेले असते, तर त्याच्या विधवेला नुकसानभरपाईचा दावा लावता आला नसता. हे अनुमान नाही. दोन वर्षांनी झालेल्या १८५५ च्या तेराव्या कायद्याच्या, म्हणजे प्राणघातक अपघात कायद्याच्या, उद्देशिकेतच ते लिहिले आहे. दुसऱ्याच्या गैरकृत्याने माणूस दगावला तरी त्याबद्दल दावा चालत नाही, म्हणून हा कायदा करावा लागतो आहे, असे ती सांगते. या कायद्याने नवरा, बायको, आई-बाप आणि मुले यांना दाव्याचा हक्क मिळाला. चूक कोणाची, हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र दावा लावणाऱ्याच्या डोक्यावर राहिले.

रस्त्यावर मोटारी वाढल्यावर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याचे आठवे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी विमा सक्तीचा झाला. १९५६ च्या दुरुस्तीने अपघात दाव्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची तरतूद झाली, दिवाणी कोर्टाची लांबलचक वाट टाळता यावी म्हणून. वाट आखूड झाली, ओझे तेवढेच राहिले.

१९७७ : मुंबईचा ट्रक, दिल्लीचा निकाल

या इतिहासातले कळीचे कागद मुंबईचेच आहेत. एका मालट्रकची मोटारीशी टक्कर झाली, मोटार चालवणारा जखमी झाला. ट्रकमालकांनी यांत्रिक बिघाडाचा बचाव घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने दावेदाराच्या बाजूने कौल देताना एक धाडसी विधान केले : सक्तीचा विमा आल्यानंतर रस्त्यावरच्या अपघातात हलगर्जीपणा सिद्ध करण्याची गरज उरत नाही. २८ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे विधान खोडून काढले. कायद्याच्या वर्तुळात ‘मीनू मेहता निकाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निकालपत्रात न्या. कैलासम यांनी लिहिले की हलगर्जीपणाचा पुरावा हवाच.

यावरून निकाल मालकांच्या बाजूचा होता असे वाटेल. तसे नाही; त्यांचे अपील फेटाळले गेले. आणि त्याच निकालपत्रात ट्रकमालकांना आजवर अडवणारे तत्त्व आहे. बिघाडाचा बचाव घ्यायचा असेल, तर तो दोष सुप्त होता आणि रास्त काळजी घेऊनही सापडण्यासारखा नव्हता, असे मालकाने स्पष्ट मांडले पाहिजे आणि सिद्ध केले पाहिजे. नुसते ‘बिघाड झाला’ म्हणून भागत नाही.

हे ओझे किती जड असू शकते, ते इंग्लंडमधल्या एका खटल्याच्या नोंदीत दिसते. पाच वर्षे जुन्या लॉरीचे ब्रेक उतारावर गेले आणि थांबलेल्या गाडीतून उतरणारा माणूस ठार झाला. चौकशीत सापडले की ब्रेक ऑइलच्या पाइपाला गंजून भोक पडले होते, आणि तेही पाइप सोडवल्याशिवाय दिसणार नाही अशा बाजूला. मालकांनी सांगितले की गाडी नियमित तपासली जाई आणि पाइप सोडवून पाहा असे उत्पादकाने कधी सुचवले नव्हते. १९६९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी मृताच्या विधवेच्या बाजूने निकाल दिला. कारण असे, की मालकांनी गाडीचा पूर्वेतिहास मांडलाच नव्हता. तिने आधी कोणता माल वाहिला, गंज लवकर धरावा असे काही तिच्या वाट्याला आले होते का, हे फक्त त्यांनाच ठाऊक होते आणि ते त्यांनी सांगितले नाही. डोंबिवली-अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांतून माल उचलणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

पुढे-मागे सरकणारी रेघ

यानंतरचा प्रवास सरळ नाही. १९८० मध्ये विधी आयोगाच्या ८५ व्या अहवालाने चूक न पाहता भरपाई देण्याची शिफारस केली. १९८२ मध्ये जुन्या कायद्यात ९२-अ कलम आले : मृत्यूसाठी १५ हजार, कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये, चूक कोणाची हे न विचारता. १९८८ च्या नव्या कायद्याने रक्कम २५ हजार केली आणि १९९४ च्या दुरुस्तीने ५० हजार.

२००१ मध्ये कौशनुमा बेगम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठे पाऊल टाकले. टायर फुटून जीप उलटली होती आणि एक पादचारी दगावला होता. चालकाची चूक नाही म्हणून खालच्या न्यायाधिकरणाने पूर्ण भरपाई नाकारली होती. हलगर्जीपणा हा दाव्याचा एकच आधार नव्हे, धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याची कडक जबाबदारी हाही आधार आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि त्यासाठी १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी निकालाचा दाखला घेतला. पण २००७ मध्ये मीना वरियाल खटल्यात त्याच न्यायालयाने पुन्हा मीनू मेहताचे बोट धरले : मोटार वाहन कायद्याच्या १६६ कलमाखाली दावा लावणाऱ्याने हलगर्जीपणा दाखवला पाहिजे. त्यामुळे शहाणा वकील एकट्या कडक जबाबदारीवर विसंबत नाही. तो ब्रेकच्या कागदांच्या मागे लागतो.

पुराव्याच्या बाबतीत दोन गोष्टी पीडितांच्या बाजूच्या आहेत. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाईचा दावा पडत नाही, हे १९८० च्या एनकेव्ही ब्रदर्स निकालापासून पक्के आहे. आणि दाव्यात संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहिले जाते. २००९ च्या बिमला देवी निकालाने ते पुन्हा सांगितले.

पाच लाख की चाळीस लाख

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर चूक न विचारता मिळणारी रक्कम १६४ कलमाखाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. घरात अंधार पडलेला असताना ही रक्कम मोठी वाटते. पण १६६ कलमातली अट वाचावी लागते : १४९ कलमाच्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली, तर न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो.

त्याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, ३४ वर्षांचा कामगार महिना २० हजार मिळवत होता आणि त्याच्यावर चौघे अवलंबून होते. वर्षाचे २ लाख ४० हजार. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात. झाले ३ लाख ३६ हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की उरतात २ लाख ५२ हजार. २००९ च्या सरला वर्मा निकालातला या वयाचा गुणक १६. एकूण ४० लाख ३२ हजार, शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. पाच लाख आणि चाळीस लाख यांच्यात उभा असतो तो हलगर्जीपणाचा पुरावा. आणि मालकाने ‘ब्रेक फेल’ म्हटले असेल, तर तो पुरावा गॅरेजच्या बिलात असतो.

वागळे इस्टेटच्या बाजूने

हा पुरावा ठाण्यात कसा मिळवायचा ते पाहू. ठाण्यातली वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. बरेच कारखाने गेले, त्यांच्या जागी कार्यालये आली, पण किसननगर, इंदिरानगरच्या वस्त्यांतून कामाला जाणारी माणसे आणि माल उतरवणारे ट्रक एकाच रस्त्यावर आहेत. ठाणे पोलिसांचे वागळे परिमंडळ घोडबंदर रस्त्यावरच्या कासारवडवलीपर्यंत पसरले आहे. गायमुखच्या घाटात गाडी सुटली तर कागद याच परिमंडळात तयार होतात.

अपघात दूर झाला तरी दावा दूर लावावा लागत नाही. १६६ कलमानुसार अपघाताच्या जागी, प्रतिवादीच्या गावी किंवा दावेदार जिथे राहतो वा धंदा करतो तिथे तो लावता येतो. किसननगरचा माणूस पळासनेरला दगावला, तरी त्याच्या घरच्यांना धुळ्याचे हेलपाटे नकोत. ठाण्याच्या न्यायाधिकरणात दावा चालतो. वकिलाच्या फीची धास्ती बहुतेकांना वाटते. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार उत्पन्नाची अट न लागता मोफत मदतीला पात्र आहेत. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. मागे राहिलेली विधवा आणि तिची मुले म्हणजे बहुतेक दाव्यांतले दावेदारच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याच्या न्यायालयातच आहे आणि १५१०० ही देशभराची मदतवाहिनी आहे.

मुदतीचे भान ठेवावे लागते. २०२२ पासून दावा लावण्यासाठी सहा महिन्यांची मर्यादा परत आली आहे. तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात आहे आणि मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण त्या भरवशावर बसू नये, कारण उशिराची खरी झळ कागदांना लागते. अपघातग्रस्त गाडी मोटार वाहन कायद्याच्या १३६ व्या कलमाखाली तपासून मालकाला परत द्यायची असते. नंतर तिचे लायनर बदलले, एअर पाइप बदलला की पुरावा भंगारात गेला. नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. गोहर मोहम्मद निकालाने डिसेंबर २०२२ मध्ये ते बजावले. हे अहवाल मागणे हा घरच्यांचा हक्क आहे.

त्यात काय वाचायचे? पंचनाम्यात टायर घासल्याच्या खुणा आहेत का. निरीक्षकाने ब्रेकबद्दल नुसते ‘निकामी’ लिहिले आहे, की कोणता भाग आणि कशाने तेही. गिअर कोणत्या स्थितीत सापडला. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीतली हवा उतरत जाते. तो सुप्त दोष नव्हे, ती चालकाची करणी. फिटनेस प्रमाणपत्र कधीचे आहे. आणि न्यायाधिकरणापुढे मालकाकडून मागायचे ते देखभालीचे रजिस्टर, गॅरेजची बिले, गेल्या फेऱ्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या. जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली असते ती त्यानेच सिद्ध करायची, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १०९ वे कलम सांगते.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते आणि कित्येकदा शहाणपणाचीही असते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून हे कागद हाती येण्याआधी आकड्यावर सही करू नये. १९७७ चा निकाल दावेदाराला हलगर्जीपणा सिद्ध करायला लावतो हे खरे. पण बिघाडाचे नाव काढणाऱ्या मालकालाही तो मोकळा सोडत नाही. त्याने रजिस्टर आणि बिले पुढे ठेवली नाहीत, तर ‘ब्रेक फेल’ हा त्याचा बचाव उरत नाही. गाडीची निगा राखली नव्हती, या दावेदाराच्या म्हणण्याला मिळालेला तो मालकाचाच दुजोरा ठरतो.