कागदावरील आकडा आणि टाकीतील पेट्रोल : आलिशान हायब्रिड एसयूव्हीची वीस वर्षे

डिसेंबर १९९७. एकाच महिन्यात टोयोटा कंपनीने जपानच्या बाजारात दोन गाड्या आणल्या. वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता.

पहिली प्रियस. लहान आणि काटकसरी. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांची सांगड घालून मोठ्या संख्येने बनवलेली ही पहिली हायब्रिड गाडी. दुसरी हॅरियर. (टाटांच्या हॅरियरशी तिचे केवळ नामसाधर्म्य आहे.) ही सेडानच्या सांगाड्यावर उभारलेली उंच, मऊ गाद्यांची, ऐसपैस गाडी. पुढच्याच वर्षी ती लेक्सस आरएक्स ३०० या नावाने अमेरिकेत गेली आणि तिथल्या सुखवस्तू कुटुंबांना भलतीच आवडली. एक गाडी इंधन वाचवण्यासाठी जन्मलेली, दुसरी आरामासाठी. या दोघींचा संसार जुळायला सात वर्षे लागली.

१५ एप्रिल २००५ रोजी अमेरिकेत लेक्सस आरएक्स ४०० एच विक्रीस आली. हायब्रिड एसयूव्ही म्हणून तिचा क्रमांक पहिला नव्हे. तो मान फोर्ड एस्केप हायब्रिडचा, २००४ सालचा. पण आलिशान गाड्यांच्या वर्गात तिच्या आधी कोणीही नव्हते.

तिच्या नावातच एक सूचक गोष्ट दडलेली आहे. इंजिन होते ३.३ लिटरचे, सहा सिलिंडरचे. तरीही नावात ‘४००’. चार लिटरच्या इंजिनाचा जोर मिळेल, असे त्या आकड्याने ग्राहकाला सुचवायचे होते. इंजिन २०८ अश्वशक्तीचे, तर मोटर धरून एकत्रित शक्ती २६८. त्याच पिढीच्या साध्या आरएक्स ३३० ची शक्ती होती २३०. म्हणजे आलिशान हायब्रिडने ग्राहकाला पहिले वचन दिले ते जोराचे. काटकसर मागाहून आली.

आतली रचना मात्र खरोखर देखणी होती. पुढे इंजिन, जनरेटर आणि १२३ किलोवॅटची मोटर ही तिन्ही प्लॅनेटरी गिअरने जोडलेली. मागच्या चाकांसाठी ५० किलोवॅटची स्वतंत्र मोटर. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा लांब दांडा गाडीत नव्हताच. मागची चाके फिरायची ती निव्वळ विजेवर. मागच्या आसनाखाली निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी : २४० सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण २८८ व्होल्ट. हा २८८ आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे. साठवण जेमतेम १.९ किलोवॅट-तासांची. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा झेलायची आणि लगेच परत द्यायची, एवढेच त्या बॅटरीचे काम. ती पाण्याच्या टाकीसारखी नव्हती, ओंजळीसारखी होती.

मालकाच्या दृष्टीने या गाडीचे मोठेपण वेगळ्याच ठिकाणी होते. त्याला काही करावेच लागत नसे. वायर नाही, चार्जर नाही, कोणते बटण केव्हा दाबावे याची चिंता नाही. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होई. वातानुकूलन यंत्र विजेवर चालत असल्यामुळे गारवा मात्र चालू राही. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीच्या जागी मोटर व इंजिनाची शक्ती किलोवॅटमध्ये दाखवणारा काटा होता. तेवढा सोडला तर शेजारी बसणाऱ्याला ही गाडी निराळी आहे हे कळलेही नसते. नव्या तंत्राने स्वतःला इतके अदृश्य करून घेतल्याची उदाहरणे वाहनांच्या इतिहासात थोडीच आहेत.

आता कागदाकडे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, या गाडीला शहरात गॅलनमागे ३१ आणि महामार्गावर २७ मैल असा आकडा दिला होता. शहरात जास्त, महामार्गावर कमी. साध्या पेट्रोल गाडीच्या नेमके उलट. कारण ब्रेक जितके अधिक, तितकी ऊर्जेची परतफेड अधिक. परंतु २००८ च्या मॉडेलांपासून ईपीएने चाचणीची पद्धत बदलली. जास्त वेग, चालू वातानुकूलन आणि कडाक्याची थंडी यांचा हिशेब धरला जाऊ लागला, आणि जुन्या हायब्रिड गाड्यांचे आकडे खाली आले. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त मोजपट्टी बदलली. शिलालेख वाचताना तो कोणी, कोणासाठी कोरवला हे आधी विचारावे लागते. गाडीच्या मायलेजचा आकडाही त्याच सावधपणे वाचावा लागतो.

सरकारी सवलतींचा खेळही तेव्हाच सुरू झाला होता. २००५ च्या अमेरिकी ऊर्जा कायद्याने हायब्रिड घेणाऱ्याला करात सूट दिली. आरएक्स ४०० एच साठी ती २,२०० डॉलर होती. मात्र अट अशी की, एखाद्या कंपनीच्या ६०,००० हायब्रिड विकल्या गेल्या की सूट टप्प्याटप्प्याने आटणार. टोयोटाने ती मर्यादा २००६ च्या मध्यालाच गाठली. ज्या कंपनीने वाट दाखवली, तिच्याच ग्राहकांची सवलत सर्वांत आधी संपली. कायद्याचा विनोद म्हणतात तो असा.

युरोपात कथेने वेगळे वळण घेतले. २०१० मध्ये पोर्शेने कायेन एस हायब्रिड आणली. तीन लिटरचे इंजिन, ४७ अश्वशक्तीची मोटर, एकत्रित ३८० अश्वशक्ती. बॅटरी पुन्हा निकेल मेटल हायड्राइडची, पुन्हा २८८ व्होल्टची. या घराण्याचा हायब्रिडशी संबंध मात्र फार जुना. फर्डिनांड पोर्शे व्हिएन्नातील लोनर कंपनीत नोकरीला असताना, १९०० च्या सुमारास, त्यांनी चाकांतच मोटर बसवलेली आणि पेट्रोल इंजिनावर जनरेटर चालवणारी ‘सेम्पर व्हिव्हस’ ही गाडी घडवली होती. २०११ च्या जिनिव्हा प्रदर्शनात कंपनीने तिची हुबेहूब प्रतिकृती अभिमानाने मांडली. वारसा सांगण्याची हौस फक्त राजघराण्यांनाच असते असे नाही.

खरा बदल झाला तो २०१४-१५ मध्ये. पोर्शे कायेन एस ई-हायब्रिड १०.८ किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी घेऊन आली. तिला भिंतीतल्या प्लगला जोडता येत होते. पाठोपाठ बीएमडब्ल्यू एक्स ५ एक्सड्राइव्ह ४० ई आली, सुमारे ९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह. ओंजळीची जागा आता घागरीने घेतली. हे एकाएकी का झाले?

उत्तर एका सूत्रात आहे. युरोपीय संघाने ठरवले होते की, २०२१ पर्यंत नव्या गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन किलोमीटरमागे ९५ ग्रॅमवर यावे. मोठ्या एसयूव्ही विकून ते साधणे अशक्यप्राय. परंतु प्लग-इन गाड्यांची मोजणी करताना तेव्हाच्या नियमात एक गृहीतक होते : बॅटरी संपल्यानंतर मालक आणखी केवळ २५ किलोमीटर पेट्रोलवर चालवेल आणि मग गाडी पुन्हा चार्जिंगला लावेल. विजेवरचे अंतर शून्य उत्सर्जनाचे धरले जाई. एक्स ५ ४० ई चे अधिकृत विद्युत अंतर ३१ किलोमीटर होते. म्हणजे ५६ पैकी ३१ किलोमीटर फुकट! त्यामुळे दोन टनांहून जड असलेल्या, २४५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बाळगणाऱ्या या गाडीचे उत्सर्जन कागदावर सुमारे ७७ ग्रॅम आणि मायलेज लिटरला जवळजवळ ३० किलोमीटर भरले. मालकाने गाडी एकदाही प्लगला लावली नाही, तरी कागद बदलत नसे.

ब्रिटनमध्ये २००२ पासून नोकरीसोबत मिळणाऱ्या गाडीवरील कर याच कार्बन-आकड्यावर ठरत आला आहे. साहजिकच प्लग-इन एसयूव्ही अनेकांनी घेतली ती करासाठी. इंधनाचे बिल कंपनी भरत असेल, तर पावसात उभे राहून वायर जोडण्याचे कष्ट कोण घेणार? मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांमधील इंधनमापकांची नोंद प्रसिद्ध केली. प्लग-इन हायब्रिडचे रस्त्यावरील उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल व डिझेल गाड्यांत हीच तफावत वीस टक्क्यांच्या आसपास होती. विजेवर धावण्याचे गृहीत प्रमाण २०२५ पासून टप्प्याटप्प्याने खाली आणले जात आहे.

यात यंत्राला दोष देणे अन्यायाचे ठरेल. रोज तीस-चाळीस किलोमीटर ये-जा, घराशी स्वतःचे वाहनतळ, रात्री वायर लावण्याची शिस्त : असा मालक असेल तर नवी प्लग-इन एसयूव्ही जुन्या आरएक्सला कुठल्या कुठे मागे टाकते. २०१९ च्या एक्स ५ ४५ ई मध्ये बॅटरी २४ किलोवॅट-तासांची झाली. २०२३ च्या कायेनमध्ये २५.९. लेक्ससनेही २०२२ मध्ये आरएक्स ४५० एच प्लस आणली, १८.१ किलोवॅट-तासांची, अमेरिकी मोजणीनुसार एका चार्जमध्ये ३७ मैल, म्हणजे सुमारे ६० किलोमीटर जाणारी. अशा घरात पेट्रोल पंपाचे तोंड महिन्यातून एखाद्या वेळेसच दिसेल. पण शिस्त सुटली की तीच बॅटरी मृत ओझे ठरते. २००५ ची आरएक्स सुमारे दोन टनांची होती, आजची प्लग-इन एक्स ५ अडीच टनांच्या घरात आहे. जुनी गाडी आळशी मालकालाही थोडे वाचवून देई. नवी गाडी मेहनती मालकाला पुष्कळ देते आणि आळशाकडून दंड वसूल करते.

विश्वासार्हतेच्या बाबतीत दोन्ही पिढ्यांच्या अंगावर डाग आहेत. इन्व्हर्टरमधील सदोष जोडणीमुळे २०११ मध्ये अमेरिकेतील २००६-०७ च्या आरएक्स ४०० एच परत बोलवाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये बॅटरीच्या सेलमध्ये अशुद्धी आढळल्याने बीएमडब्ल्यूने हजारो प्लग-इन गाड्या परत मागवल्या, आणि दुरुस्तीपर्यंत मालकांना सांगितले, गाडी चार्जिंगला लावू नका. प्लगसाठी जादा पैसे मोजलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. वृद्धापकाळाचा प्रश्न आणखी निराळा. जुन्या गाडीची बॅटरी लहान, आणि ती थंड राखणारी हवा मागच्या आसनाखालच्या जाळीतून खेचली जाई. ती जाळी धूळ आणि पाळीव कुत्र्याच्या केसांपासून मोकळी ठेवणे, हे जुन्या मालकाचे बहुधा एकमेव कर्तव्य. नवी बॅटरी तिच्या दहापट मोठी. वॉरंटी संपल्यावर ती बदलण्याचा खर्च दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या छातीत धडकी भरवणारा असणार.

भारतात या घराण्याचे आगमन मार्च २०१७ मध्ये झाले. मुंबई, दिल्लीसह मोजक्या शहरांत लेक्ससने दालने उघडली. आरएक्स ४५० एच ची किंमत १.०७ कोटी रुपयांपासून सुरू होत होती. चारच महिन्यांत, १ जुलैला, जीएसटी लागू झाला. तोवर हायब्रिडवर एकूण सुमारे ३० टक्के कर होता, तो उपकर धरून ४३ टक्के झाला. इतर मोठ्या एसयूव्हीवर पुढे ५० टक्के बसू लागल्याने हायब्रिडला सात टक्क्यांचा आधार उरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही गेला : मोठी गाडी हायब्रिड असो वा नसो, ४० टक्के. विजेवरच्या गाडीवर मात्र ५.

आरएक्सची पाचवी पिढी २०२३ मध्ये भारतात आली ती ३५० एच आणि ५०० एच या रूपांत. दोन्ही बिनप्लगच्या. पैकी ५०० एच ही अधिक जोरकस : २.४ लिटरचे टर्बो इंजिन, मागच्या चाकांना आजही स्वतंत्र मोटर, अमेरिकी मोजणीने ३६६ अश्वशक्ती. बॅटरीची घडण नवी, दोन बाजूंनी काम करणाऱ्या पत्र्यांची. रसायन मात्र तेच, निकेल मेटल हायड्राइड. आणि व्होल्ट, २८८.